मधल्या जागेत काय असतं? फील्डबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी सहज एक ओळ लिहून गेले होते, की आजच्या फिजिक्सच्या हिशेबानं इलेक्ट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनच्या फील्डमधला एक तरंग. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की यावेळचं सगळं सदर त्यावरच द्यायचं ठरवलं. पत्रं लांब होती म्हणून प्रश्न थोडक्यात दिलेत, आणि एकसारखे प्रश्न एकत्र केलेत. मला हा विषय शिकवायला फार आवडतो त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत, सांभाळून घ्या.

माझी मुलगी दहावीला आहे. तिच्या पुस्तकात 'चुंबकीय क्षेत्र' असा शब्द आहे. आमच्या सातबाऱ्यावर पण क्षेत्र असतं, हेक्टर-आरमध्ये. मी तिला सांगितलं की मॅग्नेटच्या भोवतीची जेवढी जागा तेवढं त्याचं क्षेत्र. बरोबर सांगितलं का? – एक शेतकरी वाचक, बार्शी

दादा, अर्धं बरोबर सांगितलंत, आणि राहिलेल्या अर्ध्यातच सगळी गंमत आहे. शाळेच्या पुस्तकातली व्याख्या पण बऱ्याचदा अशीच असते, की मॅग्नेटच्या आसपासच्या ज्या भागात त्याचा जोर जाणवतो ते त्याचं क्षेत्र. शेत हा आपला शब्द सुद्धा क्षेत्रावरूनच आलाय, आणि इंग्रजीतल्या फील्डचा अर्थही शेतच. म्हणून सगळ्यांच्या डोक्यात जमिनीचा तुकडाच येतो.

पण फिजिक्समधलं फील्ड म्हणजे जमीन नव्हे. तुमच्या रानाचंच बघू. समजा तुम्ही रानात फिरत फिरत जागोजागी ओलावा मोजला. विहिरीजवळ जास्त, वरच्या मुरमाड पट्ट्यात कमी, झाडाखाली अजून वेगळा. म्हणजे रानातल्या प्रत्येक ठिकाणाला ओलाव्याचा एक आकडा आहे, तुम्ही तिथं मोजला असो वा नसो. काल पाणी दिलं तर आज आकडा वेगळा, आठ दिवसांनी अजून वेगळा. तर प्रत्येक जागी आणि प्रत्येक वेळी जो हा आकडा आहे, त्या सगळ्या आकड्यांचं मिळून जे होतं ते ओलाव्याचं फील्ड. रान म्हणजे फील्ड नाही, रानभर पसरलेला ओलावा हे फील्ड.

कधी कधी नुसत्या आकड्यानं भागत नाही. वारा सांगायचा तर किती जोरात आणि कुठल्या दिशेला हे दोन्ही सांगावं लागतं. चुंबकीय फील्ड तसलं आहे, प्रत्येक ठिकाणी एक जोर आणि एक दिशा. आणि अजून एक, सातबाऱ्यावरच्या क्षेत्राला बांध असतो, याला बांध नसतो. मॅग्नेटपासून लांब जाल तसं कमी कमी होत जातं, पण अमुक ठिकाणी संपलं अशी रेघ कुठेच मारता येत नाही. मुलीला ओलाव्याचं उदाहरण द्या, लगेच कळेल तिला.

आम्ही लॅबमध्ये कागदावर लोहकीस टाकून बलरेषा बघितल्या. त्या रेषा खऱ्या असतात का? दोन रेषांच्या मध्ये काय असतं? आमच्या एका सरांनी सांगितलं की फील्ड फक्त गणितासाठी मानायचं असतं, खरं काही नसतं. – अकरावीची विद्यार्थिनी, अलिबाग

बाळा, तुझं पत्र वाचून मी खरंच खूश झाले, कारण हाच प्रश्न फिजिक्सवाल्यांनी एकमेकांना जवळजवळ दोनशे वर्षं विचारलाय.

आधी रेषांचं. ट्रेकला जाताना नकाशावर समान उंचीच्या रेषा असतात बघ, एक १००० मीटरची, पुढची १०२० ची. आता कळसूबाईच्या अंगावर अशी कुठली रेघ मारलेली नाहीये, आणि दोन रेघांच्या मध्ये डोंगर नाही असंही नाही, डोंगर सलग आहे. बलरेषांचं तसंच. फील्ड सलग पसरलेलं असतं. लोहकिसाचे कण मात्र त्या फील्डमध्ये स्वतःच छोटे छोटे मॅग्नेट होतात, मग एकाचं टोक दुसऱ्याच्या टोकाला चिकटून साखळी होते आणि शेजारच्या साखळ्या एकमेकींना बाजूला ढकलतात, त्यामुळे आपल्याला रेघा आणि मधे मोकळी जागा असं दिसतं. कागद टिचकी मारून परत हलवलास तर रेघा थोड्या वेगळ्या जागी येतील.

आता फील्ड खरं की नुसतं गणित, हे. सरांचं म्हणणं एका काळी अगदी बरोबर होतं. न्यूटनच्या सूत्रात सूर्य आणि पृथ्वी एकमेकांना ओढतात, मधे काय आहे याबद्दल सूत्र काहीच बोलत नाही. स्वतः न्यूटनला ते पटत नव्हतं, १६९३ मध्ये बेंटली नावाच्या धर्मपंडिताला लिहिलेल्या पत्रात त्यानं म्हटलंय की मधे काहीच नसताना एका वस्तूचा दुसरीवर लांबून परिणाम होतो हे आपल्याला अगदीच अतर्क्य वाटतं. पण सूत्र चालत होतं, ग्रहांची गणितं सुटत होती, मग लोकांनी तो प्रश्न बाजूला ठेवला.

तो परत काढला मायकेल फॅरडेनं. लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेली, गणित फारसं कधी शिकायलाच मिळालं नाही. सूत्रात विचार करायची सवयच नसल्यामुळे असेल, पण मॅग्नेटभोवतीचा लोहकीस बघून त्याला वाटलं की खरी घडामोड या मधल्या जागेतच चाललीये. १८३१ मध्ये त्यानं दाखवलं की चुंबकीय फील्ड बदललं की शेजारच्या तारेत करंट येतो. १८४५ मध्ये तर त्यानं एका जड काचेतून प्रकाश सोडला, मॅग्नेट चालू केला, आणि प्रकाशाच्या कंपनाची दिशा फिरली! म्हणजे प्रकाशाचा आणि चुंबकत्वाचा काहीतरी संबंध आहे. मग मॅक्सवेलनं फॅरडेच्या या सगळ्या कल्पना समीकरणांत बसवल्या, १८६५ च्या त्याच्या लेखाच्या नावातच विद्युतचुंबकीय फील्ड हा शब्द आहे, आणि त्या समीकरणांतून एक लाट निघाली जिचा वेग बरोब्बर प्रकाशाच्या वेगाइतका येत होता, सेकंदाला साधारण ३ लाख किलोमीटर. ते १८८७-८८ मध्ये हर्ट्झनं लॅबमध्ये तशा लाटा तयार करून दाखवल्या.

हे सगळं झालं तरी तू विचारशील की खरं कशावरून. मला स्वतःला पटलेलं कारण सांगते. व्हॉयेजर १ यान आत्ता इतकं लांब आहे की तिथून निघालेला रेडिओ सिग्नल पृथ्वीवर पोचायला २३ तासांहून जास्त लागतात. यानाच्या अँटेनातून ऊर्जा निघाली, यानाकडे ती आता नाही. पृथ्वीवरच्या अँटेनात अजून आली नाही. मग मधले २३ तास ती ऊर्जा होती कुठे? ऊर्जा काही हिशेबातून गायब होत नाही. ती फील्डमध्ये होती. ज्याच्यात ऊर्जा राहते, जे एका जागेहून दुसरीकडे जायला वेळ घेतं, वाटेत आलेल्या वस्तूला बारीकसा धक्का सुद्धा देतं (प्रकाशाचा दाब मोजता येतो), त्याला नुसतं गणित म्हणायला माझं मन तयार होत नाही.

आणि तू तर अलिबागची! तुमच्या गावात चुंबकीय वेधशाळा आहे, ती तिथे का आली माहितीये? मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीचं चुंबकीय फील्ड नियमित मोजत होते. नंतर मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, आणि ट्रामच्या करंटचं फील्ड या नाजूक मोजमापात मिसळणार हे कळल्यावर वेधशाळा खाडीपलीकडे अलिबागला हलवली, १९०४ पासून तिथे नोंदी आहेत, आणि इमारत बांधताना सुद्धा चुंबकत्व नसलेलं साहित्य वापरलं. २ सप्टेंबर १८५९ ला सूर्यावरून मोठं चुंबकीय वादळ आलं होतं तेव्हा कुलाब्याच्या नोंदीत फील्ड सुमारे १६०० नॅनोटेस्लानं (नॅनोटेस्ला हे चुंबकीय फील्ड मोजायचं एकक) खाली गेलेलं सापडतं. आपल्याकडे एकूण फील्ड ४० हजार नॅनोटेस्लाच्या आसपास असतं, म्हणजे घट किती मोठी ते बघ. फील्ड डोळ्यांना दिसत नाही, अंगाला जाणवत नाही, पण कुलाब्यातली सुई हलली. संधी मिळाली तर वर्गातल्या सगळ्यांना घेऊन त्या वेधशाळेत जाऊन या.

पाण्याची लाट पाण्यात, आवाजाची हवेत. मग प्रकाशाची लाट कशात? फील्ड कशाचं बनलेलं असतं? – निवृत्त शिक्षक, सातारा

सर, एकोणिसाव्या शतकातल्या सगळ्यांना अगदी असंच वाटत होतं, म्हणून त्यांनी ईथर नावाचं एक माध्यम मानलं, सगळ्या विश्वात भरलेलं. त्याचे गुण बघा कसे पाहिजे होते, प्रकाशाच्या वेगाची लाट जायची म्हणजे पोलादापेक्षा ताठ, आणि ग्रह त्यातून अडथळ्याविना फिरायचे म्हणजे हवेपेक्षा विरळ. १८८७ मध्ये मायकलसन आणि मॉर्ली यांनी पृथ्वी त्या ईथरमधून जातेय याचा मागमूस शोधला, काही सापडलं नाही. १९०५ मध्ये आइनस्टाइननं दाखवलं की ईथरची गरजच नाही.

'कशाचं बनलंय' हा प्रश्न आपण एकेक पायरी खाली उतरत विचारतो. भाकरी पिठाची, पीठ ज्वारीचं, ज्वारीत रेणू, रेणूत अणू, अणूत इलेक्ट्रॉन आणि क्वार्क (प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात ते कण), आणि ते फील्डचे. आज तरी जिना इथं थांबतो. फील्ड अजून कशाचं तरी बनलंय असं दाखवणारा प्रयोग आजवर झालेला नाही. फील्ड हीच वस्तू, बाकीचं त्याचं बनलेलं, असं उलटं बघायला लागतं आणि त्याला थोडी सवय लागते.

मी वीज कंपनीत लाईनवर काम केलं, आता रिटायर आहे. नातू म्हणतो वीज तारेच्या आतून जात नाही, बाहेरून जाते. आयुष्यभर तारा ओढल्या, हे पटत नाही. – चाळीसगाव

काका, तुमचं काम तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता, म्हणून तुमच्याच कामातली उदाहरणं देते.

गावातली डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर घ्या. ११ हजार व्होल्टची वाइंडिंग वेगळी, गावाकडे जाणारी वेगळी, दोन्हीमध्ये इन्सुलेशन, तांब्याचा तांब्याला कुठेही स्पर्श नाही. तरी सगळ्या गावाची वीज या बाजूची त्या बाजूला जाते. कशातून? इलेक्ट्रॉन तर उडी मारून जात नाहीत. बदलत्या चुंबकीय फील्डमधून जाते. दुसरं, एक लाईन बंद केली, दोन्हीकडून कापली, तरी तुम्ही आधी अर्थिंग केल्याशिवाय हात लावत नव्हता, कारण शेजारून चालू लाईन जात असेल तर बंद तारेत सुद्धा इंडक्शन येतं. तारेचं कनेक्शन नाही, तरी मधल्या जागेतून आलं. ती भीती तुमच्या हाताला माहीत आहे, नातवानं तेच फिजिक्सच्या भाषेत सांगितलं.

तारेतले इलेक्ट्रॉन खरं तर फार हळू सरकतात, घरातल्या वायरिंगमध्ये सेकंदाला मिलिमीटरचा दहावा भाग वगैरे, आणि आपली वीज एसी असल्यामुळे ते सेकंदाला ५० वेळा मागे-पुढे होतात, म्हणजे केसाच्या जाडीइतकं सुद्धा अंतर जात नाहीत. पॉवर हाऊसमधला इलेक्ट्रॉन तुमच्या बल्बपर्यंत कधीच येत नाही! येते ती ऊर्जा, आणि ती तारांच्या भोवतीच्या विद्युत आणि चुंबकीय फील्डमधून येते, १८८४ मध्ये पॉइंटिंग नावाच्या ब्रिटिश फिजिक्सवाल्यानं याचा हिशेब मांडला. पण नातवाला एवढं नक्की सांगा की तारेशिवाय ते फील्ड वाट धरत नाही, तार फील्डला रस्ता दाखवते, आणि बहुतेक ऊर्जा तारांच्या अगदी जवळूनच जाते. तुम्ही आयुष्यभर ओढलेल्या तारा म्हणजे त्या ऊर्जेचे रूळ.

मुलगा बारावीला आहे. पुस्तकात इलेक्ट्रॉन हा कण, तुम्ही लिहिलं तरंग, तो पण फील्डमधला. नक्की काय समजायचं? – एक आई, ठाणे (असंच अजून सात-आठ जणांनी विचारलंय)

ताई, हे उत्तर जरा निवांत वाचा, मुलालाही वाचायला द्या.

आधी प्रकाशाचं घेऊ कारण ते सोपं जातं. विद्युतचुंबकीय फील्ड सगळीकडे आहे, त्यात लाट उठली की तो प्रकाश. आता एका ठराविक रंगाचा प्रकाश घेतला तर त्या लाटेत ऊर्जा आपल्याला हवी तेवढी थोडी थोडी टाकता येत नाही, ठराविक मापानंच टाकावी लागते. एक माप, दोन मापं, तीन मापं चालतात, दीड चालत नाही. का असं, तर पुंजयांत्रिकीचे (क्वांटम मेकॅनिक्सचे, म्हणजे अतिसूक्ष्म जगाचे) नियम तसे आहेत, निसर्गच तसा आहे. हे एक माप म्हणजे एक फोटॉन. फोटॉन म्हणजे प्रकाशाच्या नदीत वाहत येणारे छर्रे असं चित्र डोक्यात असेल तर काढून टाका, फील्डच्या हलण्याची ती सगळ्यात छोटी पायरी आहे. १९२७ मध्ये डिरॅकनं हे गणितात नीट बसवलं.

आणि मग पुढचं पाऊल, जे मला आजही थक्क करतं, ते असं की हेच इलेक्ट्रॉनलाही लागू होतं. सगळ्या विश्वात इलेक्ट्रॉनचं एक फील्ड आहे, एकच, आणि तुमच्या हातातल्या मोबाईलमधला इलेक्ट्रॉन आणि दूरच्या ताऱ्यातला इलेक्ट्रॉन हे दोन्ही त्याच एका फील्डच्या पायऱ्या. ज्वारीच्या उभ्या पिकावरून वारा गेला की कशी लाट पळत जाते, कणसं जागच्या जागी राहतात पण लाट बांधापर्यंत जाते, तसं काहीसं. हे उदाहरण इथपर्यंतच वापरा, कारण ज्वारी कितीही कमी-जास्त डुलू शकते, इलेक्ट्रॉनचं फील्ड पायरीनंच डुलतं, आणि ज्वारीत खाली ताटं असतात, इथं खाली काही नसतं.

हे सगळं मानायची गरज काय, असं मुलगा विचारेल, विचारायलाच पाहिजे. तीन कारणं मला मोठी वाटतात.

पहिलं, दोन इलेक्ट्रॉनमध्ये कणभर फरक नसतो. ज्वारीचे दोन दाणे घ्या, वजनात काहीतरी फरक निघतोच, एका साच्यातून काढलेल्या दोन नाण्यांतही निघतो. इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानात किंवा चार्जमध्ये आजवर कोणालाच फरक सापडलेला नाही. वेगवेगळे बनवलेले गोळे असते तर हे आश्चर्यच होतं, एकाच फील्डच्या पायऱ्या असल्या की मग त्या सारख्या असणारच.

दुसरं, कण तयार होतात आणि नाहीसे होतात. अणूच्या बाहेर एकटा पडलेला न्यूट्रॉन सरासरी पंधरा मिनिटांच्या आत मोडतो, आणि प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि अँटिन्यूट्रिनो नावाचा एक अगदी हलका कण बाहेर पडतात. हा इलेक्ट्रॉन न्यूट्रॉनच्या पोटात लपून बसलेला नव्हता. १९३४ मध्ये फर्मीनं सांगितलं की तो त्याच क्षणी जन्मतो, एका फील्डमधली ऊर्जा दुसऱ्या फील्डमध्ये गेली. उलटंही होतं. हॉस्पिटलमध्ये पेट स्कॅन करतात ना, त्यात शरीरात दिलेलं औषध पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनसारखाच, पण उलट्या चार्जचा कण) सोडतं, पॉझिट्रॉनला इलेक्ट्रॉन भेटतो, दोघंही संपतात आणि दोन गॅमा फोटॉन उलट्या दिशांना निघतात, ते मशीन पकडतं. इलेक्ट्रॉनच्या फील्डमधली ऊर्जा विद्युतचुंबकीय फील्डमध्ये गेली. नुसते गोळे मानले तर गोळा गेला कुठे याला उत्तर नाही, फील्ड मानलं की उत्तर सरळ आहे. (इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून उसळतात त्याचं गणित १९३५ मध्ये आपल्या होमी भाभांनी केलं, त्याला आजही भाभा स्कॅटरिंग म्हणतात आणि कोलायडरमधली (कण एकमेकांवर आदळवायच्या यंत्रातली) मोजमापं त्यावरून लावतात.)

तिसरं, आकडे जुळतात. इलेक्ट्रॉन स्वतः एक छोटा मॅग्नेट आहे, तो किती जोराचा हे फील्डच्या गणितानं काढलं आणि प्रयोगात मोजलं तर दोन्ही उत्तरं दहाहून जास्त आकड्यांपर्यंत जुळतात. मुंबई ते नागपूर अंतर केसाच्या जाडीच्या आत बरोबर सांगितल्यासारखं.

मग एकूण फील्ड किती? इलेक्ट्रॉन आणि त्याचे दोन जड भाऊ, तीन न्यूट्रिनो, सहा क्वार्क, मग फोटॉन, ग्लुऑन (क्वार्कना एकत्र बांधणारा), डब्ल्यू आणि झेड नावाचे कण, आणि हिग्ज. हिग्जचं वेगळेपण असं की बाकीची फील्ड शांत असली की सरासरी शून्यावर असतात, हिग्जचं फील्ड रिकाम्या जागेत सुद्धा शून्य नसतं, सगळीकडे एक ठराविक किंमत असते, आणि त्याच्याशी संबंध आल्यामुळेच इलेक्ट्रॉनला वस्तुमान मिळतं. १९६४ मध्ये मांडलेली ही कल्पना, ४ जुलै २०१२ ला युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेनं त्या फील्डचा तरंग सापडल्याचं सांगितलं. पण सगळं वस्तुमान हिग्जमुळे असं जे वाचायला मिळतं ते खरं नाही. तुमच्या-माझ्या वजनातला बहुतेक भाग प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या आतल्या क्वार्क आणि ग्लुऑनच्या ऊर्जेचा आहे.

परीक्षेत मात्र मुलानं पुस्तकातलंच लिहावं, तिथं कण आणि तरंग दोन्ही गुण दाखवतो असं आहे ते चूक नाहीच, फक्त गोष्ट अर्ध्यावर थांबवलेली आहे.

शरीराचं 'एनर्जी फील्ड' बिघडलंय आणि क्वांटम ब्रेसलेटनं ते ठीक होतं असं सांगून आईला एकानं पाच हजारांचं ब्रेसलेट विकलं. यात काही तथ्य? – पुणे

नाही. शरीरात विद्युत आणि चुंबकीय फील्ड असतात हे खरं, ईसीजी त्याचाच निघतो. हृदयाचं चुंबकीय फील्ड पृथ्वीच्या फील्डपेक्षा काही लाख पटीनं कमी असतं आणि ते मोजायला खास उपकरणं लागतात, त्या विक्रेत्याकडे ती नव्हती, म्हणजे बिघडलंय हे त्यानं मोजलेलंच नाही. मनगटावरच्या पट्टीनं दुरुस्त होईल असं कुठलंही वेगळं फील्ड फिजिक्सला माहीत नाही. आईंना काही त्रास होत असेल तर तो खरा आहे, त्यासाठी डॉक्टरांना दाखवा, आणि गोळ्या चालू असतील तर ब्रेसलेटच्या भरवशावर त्या बंद करू देऊ नका. याची मला फार काळजी वाटते, कारण ज्या शब्दासाठी लोकांनी आयुष्यं वेचली तोच शब्द आजारी माणसाला फसवायला वापरला जातो.

आमच्या भागात लायगो (गुरुत्वाकर्षणाच्या लाटा पकडणारी वेधशाळा) होतंय. गुरुत्वाकर्षण हे पण फील्ड आहे का? की अवकाशाचा वाकडेपणा? – हिंगोली

दोन्ही, एकाच वेळी. १९१५ मध्ये आइनस्टाइननं सांगितलं की अंतरं आणि वेळ मोजायचे नियमच जागोजागी बदलतात, हे नियम सांगायला प्रत्येक ठिकाणी दहा आकडे लागतात, आणि ते आकडे म्हणजेच गुरुत्वाकर्षणाचं फील्ड. बाकीची फील्ड अवकाशात पसरलेली, हे अवकाशच. पण फील्डची खूण जी वर अलिबागच्या मुलीला सांगितली ती इथंही लागू होते, बातमी पोचायला वेळ लागतो आणि मधे ऊर्जा प्रवास करते. सूर्य अचानक नाहीसा झाला तरी पृथ्वीला सव्वाआठ मिनिटं त्याचा पत्ता लागणार नाही, तोवर ती होती तशीच फिरत राहील.

१४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन लायगोंनी अशी लाट पहिल्यांदा पकडली. दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती, सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं लांब, आणि तीन सूर्यांच्या वस्तुमानाइतकी ऊर्जा या फील्डमधून बाहेर गेली होती. इतकी वर्षं ती लाट वाटेत होती, आणि इथं पोचल्यावर चार किलोमीटरच्या भुजेची लांबी प्रोटॉनच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी बदलली, तेवढं मोजलं त्यांनी. औंढा नागनाथजवळ तशाच चार किलोमीटरच्या भुजा उभ्या राहणार आहेत, २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रानं मंजुरी दिली. आकाशात लाट नेमकी कुठून आली हे दिशेनं सांगायला पृथ्वीच्या वेगळ्या बाजूला असं यंत्र हवंच असतं, म्हणून तुमच्या जिल्ह्याकडे जगाचं लक्ष आहे.

राहिलं एक. बाकीची फील्ड पायरीनं हलतात, मग गुरुत्वाकर्षणाचंही तसंच असेल का? असावं असं वाटतं, पण तशी पायरी अजून कोणी पकडलेली नाही, आणि सर्वमान्य सिद्धांतही अजून नाही. त्यावर काम करणाऱ्यांत एक मोठं नाव धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला जन्मलेल्या अभय अष्टेकरांचं, १९८६ मध्ये त्यांनी आइनस्टाइनची समीकरणं नव्या चलांमध्ये मांडली, ज्यामुळे ती बाकीच्या फील्डच्या समीकरणांसारखी दिसायला लागली.

एमएस्सीला आहे. फील्ड न मानता फिजिक्स करायचा प्रयत्न कोणी केलाय का? – कोल्हापूर

केलाय, आणि त्यातला एक जण तुमच्याच कोल्हापूरचा!

१९४५ च्या सुमाराला व्हीलर आणि फाइनमन या अमेरिकन फिजिक्सवाल्यांनी म्हटलं की फील्ड काढूनच टाकू, फक्त चार्ज ठेवू, एक चार्ज दुसऱ्याशी थेट बोलेल. अडचण अशी आली की त्यांच्या हिशेबात निम्मा परिणाम वेळेत पुढे जातो आणि निम्मा मागे. त्यावर त्यांची युक्ती होती की विश्वातला बाकीचा सगळा पदार्थ त्या लाटा शोषून उलटं उत्तर देतो, आणि बेरीज केली की मागचा भाग कटतो, आपल्याला दिसतं तेवढंच उरतं. म्हणजे इथं हाललेल्या एका चार्जचं वागणं ठरवायला सगळं विश्व लागतं. पुढं फाइनमननं स्वतःच ती वाट सोडली आणि फील्डच्या पुंजसिद्धांतासाठी त्याला १९६५ चं नोबेल मिळालं, पण त्या नोबेलच्या भाषणात त्यानं या जुन्या कल्पनेबद्दल किती जिव्हाळ्यानं सांगितलंय ते मिळवून वाच.

कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर आणि ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी १९६० च्या दशकात हाच धागा उचलला. त्यांनी विचारलं की ते 'उलटं उत्तर' खऱ्या विश्वात बरोबर येतं का? उत्तर विश्व कसं प्रसरण पावतं त्यावर अवलंबून निघालं, त्यांच्या स्थिर स्थिती विश्वात (जे प्रसरण पावूनही कायम एकसारखंच राहतं असं ते मानत) बरोबर येत होतं, महास्फोटाच्या नेहमीच्या मॉडेलमध्ये येत नव्हतं. १९६४ मध्ये त्यांनी गुरुत्वाकर्षणही याच पद्धतीनं मांडलं, वस्तूचं वस्तुमान विश्वातल्या बाकीच्या सगळ्या वस्तूंमुळे ठरतं असं. बहुतेकांनी हा रस्ता धरला नाही, कारण विश्वाबद्दलचे पुरावे महास्फोटाच्या बाजूनं जमत गेले, आणि फील्डच्या गणितानं एकामागून एक नवे कण आधी सांगून दाखवले. मला स्वतःला फील्डच बरोबर वाटतं, व्हॉयेजरच्या २३ तासांचं कारण वर दिलंच आहे. पण व्हीलर-फाइनमनवाले त्यालाही उत्तर देतात, की ती ऊर्जा घेणारा जिथं ठरलेला असतो तिथंच तिचा हिशेब पूर्ण होतो. हे उत्तर मला पटत नाही, तरी त्यात चूक नेमकी कुठे हे बोट ठेवून सांगायला बसलं की दोन संध्याकाळी सहज जातात.

तू एमएस्सीला आहेस, गणित येतं. व्हीलर-फाइनमनचा १९४५ चा मूळ लेख लायब्ररीत मिळेल, तो वाच, आणि शोषणाची ती बेरीज एकदा स्वतः कागदावर करून बघ. कुठं अडलास तर ती ओळ मला पाठव.